पेव की हगेव

धाकट्या दिरांचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापून नुकतीच तव्यावर टाकली होती. एका भाकरीसाठी परात कुठे काढायची, म्हणून हल्ली मी ताटातच थापते. पिठाच्या हातानेच फोन उचलला. पलीकडून आवाज आला, "वैनी, पेव उघडायचं का?"

मी म्हटलं, "कुठलं पेव?"

"कुटलं म्हंजी? दादानं भरल्यालं. दारात फरशी टाकायची हाय आता. टॅक्टरचं चाक चुकून त्याच्यावर गेलं तर टॅक्टर आत जाईल की. आन् ज्वारी तरी किती दिस ठेवायची? पर तुमी म्हनाल तसं."

कुठलं पेव ते मला चांगलं ठाऊक होतं. मंगळवेढ्याजवळच्या त्या गावात भरलेलं असं तेवढं एकच पेव उरलं होतं आणि ते माझ्या नवऱ्याने भरलं होतं. उगीच विचारलं, तेवढाच वेळ मिळाला. मग "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. तोवर तव्यावरची भाकरी करपली होती.

बघायचं काय होतं? त्यांनी उन्हाळ्यात पेव भरलं, तोंडावर फरशी ठेवली, वरून आपल्या हाताने चिखल लिंपला आणि त्याच श्रावणात ते गेले. त्यांचे कपडे देऊन झाले, चष्मा कुणाच्या तरी उपयोगी पडला, सायकल खालच्या वॉचमनने नेली. राहिलं होतं ते एवढंच. जोवर ते बंद आहे तोवर या माणसाने हाती घेतलेलं एक काम अजून पुरं व्हायचं आहे, असं मला वाटायचं. उघडलं की संपलं. म्हणून मला ते उघडायचं नव्हतं. पण हे कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि टॅक्टर खड्ड्यात जाऊ द्या असंही म्हणता येत नव्हतं.

पेव म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. शब्द राहिला आहे, वस्तू गेली. सोलापुरात दर चौकात मोमोच्या गाड्यांचं पेव फुटलं आहे असं लोक म्हणतात, पण म्हणणाऱ्याला पेव दाखवा म्हटलं तर तो मोमोच दाखवील. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. वर तोंड लहान, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं, रांजणासारखं. काळ्या मातीत ते खणत नाहीत, ती पाणी पिते आणि फुगते. गावठाणाच्या पांढऱ्या, घट्ट मातीत खणतात. तळाला आणि कडेने कडबा लावायचा, उन्हात कडकडीत वाळवलेली ज्वारी ओतायची, वर भुसकट, त्यावर फरशी, त्यावर चिखल. वरून माणसं चालतात, गुरं बसतात, पोरं खेळतात. खाली ज्वारी वर्षानुवर्षं गप पडून असते.

हे सगळं मला लग्नाआधीच ठाऊक होतं. माझं माहेर अक्कलकोटच्या पुढे, जिथे बाजार मराठीत होतो आणि भांडण कानडीत. आमच्याही अंगणात असं कोठार होतं आणि आम्ही त्याला हगेव म्हणत होतो. सासर मंगळवेढ्याकडचं, बोलणं सगळं मराठी. जात एक, गळ्यातलं लिंग एक, जेवणातली शेंगाचटणी एक, भाषा तेवढी वेगळी. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई मला घर दाखवत होत्या. अंगणातल्या लिंपलेल्या फरशीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "हे आमचं पेव." मला वाटलं, आपणही अगदीच अडाणी नाही हे दाखवावं. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "आमच्याकडंपण हगेव आहे."

मराठी माणसाला हा शब्द ऐकून जे सुचतं तेच त्या सगळ्यांना सुचलं. सगळी जी हसायला लागली! धाकटे दीर तेव्हा कॉलेजात होते, ते तर हसत हसत उंबऱ्यावरच बसले. सासऱ्यांनी टॉवेल तोंडाला लावला. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले आणि जेवायला आले नाही. माझा राग तसा पहिल्यापासूनच नाकावर.

नवरा समजूत काढायला आला, असं मला वाटलं. तो दारात उभा राहून म्हणाला, "शब्द मूळचा आमचाच हाय बघ. तुमच्या लोकांनी नेला आन् नासवला."

मी फणकारून म्हटलं, "तुम्हीच नेला आणि अर्धा खाल्ला."

"आमचा थोरला."

"आमचा थोरला."

आणि मला हसू आलं. माणूस समजूत घालायला आलाच नव्हता, भांडायला आला होता, आणि त्याशिवाय दुसऱ्या कशाने मी उठले नसते हे त्याला आठवड्याभरातच कळलं होतं. त्या दिवशी मी उशिरा जेवले, पण जेवले.

ते भांडण आम्ही पुढे जन्मभर सांभाळलं. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक, मी पालिकेच्या कानडी शाळेत मास्तरीण, संसार सोलापुरात दोन खोल्यांचा. स्वयंपाकघरात ज्वारीची पत्र्याची कोठी होती. ते तिला पेव म्हणायचे, मी हगेव. "पेवातली ज्वारी संपली का गं?" "हगेवातली संपली. पेवात होती कुठं?" पाहुणे बुचकळ्यात पडायचे. मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, पंखा कुणी चालू ठेवला, तुझा भाऊ असा का वागला, भांडण कुठलंही असो, फार ताणलं गेलं की दोघांतलं एक जण म्हणायचं, "पण शब्द आमचाच थोरला." त्याचा अर्थ, आता पुरे, चहा टाक. शेवटी शेवटी दवाखान्यातसुद्धा, नाकात नळी असताना, मी मोसंबीचा रस फार गोड झाला म्हणून कुरकुरले तेव्हा त्यांनी बोट वर करून खूण केली. मला कळलं, काय म्हणायचंय ते. मीही बोट वर केलं.

पेव उघडताना मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी. सकाळी चिखल फोडून फरशी सरकवली आणि सासऱ्यांनी सगळ्यांना मागे हटवलं. आतली कोंडलेली हवा माणूस मारते. पेवात घाईने उतरलेला माणूस वर आला नाही, अशी एक तरी गोष्ट त्या भागातल्या प्रत्येक गावात आहे. बराच वेळ तोंड नुसतं उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. कंदील तोंडाच्या जरा खाली गेला आणि विझला. सासरे म्हणाले, "थांबा. आजून दम निघायचा हाय." सगळे थांबले. अंगणात मात्र गल्ली गोळा झालेली, हातात पोती, पाट्या, गाठोडी बांधायला जुनी लुगडी. मला वाटलं, आज यांच्याकडे काय कार्य आहे?

नवऱ्याने सांगितलं. पेव उघडलं की ते सगळं रिकामं करावं लागतं. वारा शिरला, ओल शिरली की आठ-पंधरा दिवसांत सोंडे, म्हणजे किडे, धरतात. अर्धं काढलं आणि अर्धं झाकलं असं चालत नाही. आणि एवढी ज्वारी एका घरात खपणार कशी? म्हणून शेजारपाजारची घरं नेतात. पुढे त्यांचं पेव उघडलं की ते देतात. "एकट्याला पेव उघडता येत न्हाई," ते म्हणाले होते. तेव्हा मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. एकटं असणं म्हणजे काय, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

आता ठाऊक आहे. कोठी मी काढून टाकली. पाच किलोचा एक डबा आहे, तोही सरत नाही, तळाशी किडे होतात. दळायला ज्वारी नेते ती एवढीशी की गिरणीवाला जात्यात टाकतच नाही. "काकू, थांबा जरा," म्हणतो, "दुसऱ्या कुणाची ज्वारी आली की तिच्या मागं टाकतो." मी बाकड्यावर बसून अनोळखी माणसाच्या ज्वारीची वाट बघते. माझ्या पिठात नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी पीठ असतं. आधी याचा राग यायचा. आता वाटतं, असू दे, तेवढीच पंगत.

त्यांनी ते शेवटचं पेव भरलं तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. हल्ली पेव कोण भरतं? ज्वारी पोत्यात राहते, पत्र्याच्या कोठीत राहते, नाहीतर काढल्या काढल्या बाजारात जाते. पण निवृत्त झाल्यापासून त्यांना गावच्या मातीत हात घालायची हौस सुटली होती. दर सुगीला जायचे. त्या वर्षी अंगणातलं जुनं, केरकचऱ्याने भरलेलं पेव त्यांनी उपसलं, आत कडबा जाळून धूर केला, कडेने नवा कडबा बसवला आणि स्वतःच्या वाट्याची मालदांडी ज्वारी त्यात ओतली. मी ओरडले, "या वयात खड्ड्यात काय उतरताय?" तर आतून आवाज आला, "तू ये की खाली, हगेव म्हन, म्हंजी गार लागंल." लिंपून झाल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "उघडू तवा सगळ्या गल्लीला बोलवू. तू शब्द सांगायचा न्हाईस मातर, लोक हसत्यात."

फोन येऊन गेला आणि मी पुढचे बरेच दिवस दिरांना उत्तर दिलं नाही. ते पुन्हा विचारणारे नव्हते. आमच्याकडे थोरल्या भावजयीला दोनदा विचारत नाहीत. एकदा विचारायचं आणि थांबायचं, हा त्यांचा मान आणि माझी पंचाईत.

अशात एका सकाळी एक गोष्ट घडली. आमच्या समोरच्या दारात यंत्रमागवाल्यांच्या घरातली एक बाई राहते, माझ्याच वयाची. घरात तेलुगू, जिन्यात मराठी. ती माझ्या दारात उभी राहून पाण्याच्या वेळेबद्दल गाऱ्हाणं सांगत होती आणि तिच्या घरातून करपल्याचा वास आला. "अय्यो, पालु!" म्हणून ती पळाली. दूध उतू गेलं होतं. मी मागोमाग गेले आणि माझ्याही तोंडून निघालं, "हालु उक्कितु." गॅस बंद करता करता ती हसली. "टीचर, आमचं पालु, तुमचं हालु. दूध मात्र दोघींचं ओट्यावर."

ओटा पुसायला मीही फडकं घेतलं. पुसता पुसता गंमत म्हणून तिला विचारत गेले. फूल? ती म्हणाली पुव्वु. आमचं हूवु. वाघ? पुलि. आमचा हुलि. डुक्कर? पंदि. आमचं हंदि. आणि फडकं हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले.

हे मला नवीन नव्हतंच. जुन्या कानडीतला प नव्या कानडीत ह झाला, हे मी मास्तरीण व्हायच्या परीक्षेत लिहिलेलं आहे. जुन्या कानडीत दुधाला पालच म्हणत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सगळ्या शब्दांना लावून पाहिलं, आयुष्यभर ज्याच्यावरून भांडले त्या एका शब्दाला लावायचं सुचलं नाही. हगेव म्हणजे जुनं पगेव. आणि पगेव, पगेव म्हणता म्हणता मधला ग कुणीतरी गिळला की उरतं पेव.

मी काही पंडित नाही. पण मला खात्री वाटली ती वाटलीच. म्हणजे कुणी कुणाचा नेला नव्हता आणि कुणी नासवला नव्हता. एकच शब्द दोन घरी गेला. त्यांच्या घरी पहिलं अक्षर शाबूत राहिलं आणि मधलं गळालं. माझ्या घरी मधलं राहिलं आणि पहिलं बदललं. दोन्ही समोरासमोर ठेवल्याशिवाय मूळचा शब्द दिसत नव्हता.

मी फडकं तसंच टाकून घरी आले. शपथेवर सांगते, दार उघडता उघडता मी "अहो" म्हणाले. जोरात म्हणाले. खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर वाळलेले कपडे होते, घड्या घालायचे राहिलेले. मी त्या कपड्यांवरच बसले आणि खूप रडले. ते गेले त्या दिवशीही एवढी रडले नव्हते, तेव्हा माणसं होती, चहा होता, कोण कुठे झोपणार ही चिंता होती. जन्मभराच्या भांडणाचं उत्तर हाती आलं होतं, आणि भांडणारा माणूसच नव्हता.

संध्याकाळी मुलाला फोन केला. तो पुण्यात असतो, वाईट मुलगा नाही. मी सगळं सांगितलं, पालु, हालु, पगेव. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग आहे गं आई," आणि जरा थांबून, "बीपीची गोळी घेतेस ना वेळेवर?" त्याचं काय चुकलं? भांडण त्याचं नव्हतं. समोरच्या बाईलाही सांगून पाहिलं. तिने कौतुकाने मान डोलावली आणि वाटीभर दह्याची कढी दिली. उत्तर माझ्याकडेच राहिलं, डब्यातल्या ज्वारीसारखं, संपेना आणि कुणाच्या उपयोगी पडेना.

दुसऱ्या दिवशी मी दिरांना फोन लावला. म्हटलं, "उघडा. पण सगळं नको. वरची पायलीभर काढा माझ्यासाठी आणि परत झाकून टाका."

पलीकडून ते हळू म्हणाले, "वैनी, पेव तसं उघडत न्हाईत."

मला नवऱ्याचं वाक्य आठवलं आणि माझी मला लाज वाटली. इतकी वर्षं त्या घरची सून आणि मागितलं काय, तर एकटीपुरतं पेव. "बरं," मी म्हटलं. "मग सगळंच उघडा. मी येते."

एसटीने गेले. अंगणात जाऊबाईंनी सतरंजी टाकली होती. दिरांनी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं होतं, "दादाचे पेव उघडणार आहोत, पिशव्या घेऊन येणे." मला वाटलं होतं, कोण येतंय! दुकानात धान्य मिळतं, शिवाय ज्वारी जुनी. पण माणसं आली. निम्मी ज्वारीला, निम्मी बघायला. तरण्या पोरींनी मोबाइल धरले होते. म्हाताऱ्या बायका मात्र पिशव्या पदराखाली धरून बसल्या होत्या, शिस्तीत, कुणी बोलावल्याशिवाय उठायचं नाही अशा.

आमच्या घरची रीत अशी की ज्याने लिंपलं त्याने फोडायचं. दिरांनी कुदळ माझ्या हातात दिली. मी एकच घाव घातला, तोही ओढून ताणून. चिखल कडक झाला होता. त्याला त्यांनी कडेने बोटं फिरवून गोलाई दिलेली होती, ती तुटली. मग दिरांनी बाकीचं फोडलं, दोघांनी मिळून फरशी सरकवली, आणि आतून ऊन, आंबूस, जड असा वास वर आला. पेवाचा वास. नवी नवरी असताना या वासाच्या भाकरीने मला मळमळायचं आणि ते मुद्दाम माझ्यासमोर मिटक्या मारायचे.

"आता कुनी तोंडाशी जायाचं न्हाई," दिरांनी बजावलं. "वाफ निघू द्या. च्या घ्या तवर." सगळी माणसं ओसरीकडे गेली. जाऊबाई मला म्हणाल्या, "अक्का, चला की." मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, माझे गुडघे दुखतात." गुडघे खरंच दुखत होते. पण त्याच्यासाठी बसले नव्हते.

अंगणात मी एकटी राहिले. ओसरीवरून कपबश्यांचा आवाज येत होता. मी सरकत सरकत पेवाच्या जवळ गेले, पार तोंडाशी नाही, पण जवळ. मनात आणलं होतं की आज सांगायचं. पगेव कसं, पालु कसं, अक्षर कुठे गळालं, सगळं रीतसर, फळ्यावर लिहिल्यासारखं. सांगायचं की एकटा तुमचा शब्द अर्धा होता. जिंकल्याची ऐट करायची पुरेपूर तयारी होती.

आणि तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणाले, "अहो, तुमचंच खरं होतं. पहिलं अक्षर तुमच्याकडंच होतं. तुमचाच थोरला."

का म्हणाले? तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, मला जिंकायचं नव्हतंच. ते जिंकले की जसे हसायचे, मांडीवर थाप मारून "मग, सांगत हुतो की!" म्हणायचे, ते मला ऐकायचं होतं. त्यासाठी मी एक काय, सगळे शब्द देऊन टाकले असते.

मी थांबले. कान देऊन थांबले म्हणायलाही हरकत नाही. काहीच आलं नाही. भरलेल्या पेवात आवाज घुमत नाही, ज्वारी तो पिऊन टाकते. वर तेवढा ऊन वास येत राहिला.

"वैनी! मागं व्हा! वाकू नका तितं!" दीर ओसरीवरून धावत आले. माझ्या दंडाला धरून त्यांनी मला सतरंजीवर आणून बसवलं. मी म्हटलं, "वाकले नव्हते हो. बोलत होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा चहा तिथेच आणून दिला.

बऱ्याच वेळाने कंदील खाली सोडला. सगळे बघत होते. ज्योत जरा आखडली, मग सरळ उभी राहिली आणि जळत राहिली. दिरांनी कमरेला दोरी बांधली आणि ते आत उतरले. पाट्या वर यायला लागल्या. कडेची ज्वारी लाल पडली होती, तिला गुरांसाठी वेगळं काढलं. मधली मात्र अशी निघाली की म्हाताऱ्या बायका उठून जवळ आल्या. एकीने मूठ भरून नाकाशी नेली आणि डोळे मिटले. "त्योच वास गं बाई," म्हणाली, "किती वर्सांनी." मग पिशव्या पुढे आल्या. वाटायला मला बसवलं होतं. पिशवी समोर आली की दोन्ही हातांनी ओतायची. कुणी म्हणालं, दादा लई झ्याक मानूस. कुणी नुसतं नमस्कार करून गेलं. पोरींनी आधी फोटो काढले आणि मग त्यांनीही ओढण्या पसरल्या. सोलापूरच्या त्या गिरणीत मी कुणाच्यातरी ज्वारीची वाट बघत बसते, तीच मी इथे गल्लीभर वाढत होते. दोन तास का होईना, मी एकटी नव्हते. तसं म्हटलं तर त्यांनी केलेल्या कामाचं अजून एक टोक शिल्लक होतं, आणि ते माझ्या हातून होत होतं.

ऊन उतरलं तेव्हा तळ लागला. दीर धुळीने पांढरे होऊन वर आले. माझ्या वाट्याची पिशवी जाऊबाईंनी आधीच बांधून ठेवली होती, उचलेल एवढीच. गर्दी पांगली. अंगणात घरची माणसं राहिली आणि रिकामं पेव.

दीर तोंडाशी उभे राहिले आणि लहानपणी करायचे तसे आत ओरडले, "ओऽऽऽ!" पेवाने तो आवाज पोटात घोळवला आणि दुप्पट करून वर दिला. सगळी हसली. ते लहान मुलासारखे माझ्याकडे वळले. "वैनी, तुमी बी द्या की आवाज. दादा लई वरडायचा ह्याच्यात. अक्षी माघारी यायचा."

मी नको म्हटलं. रिकामं पेव काय, कुणीही काहीही म्हटलं तरी तेच परत देतं. मला जे सांगायचं होतं ते भरलेलं असताना सांगून झालं होतं, आणि ते मघाशीच लोकांच्या पिशव्यांतून घरोघर गेलं होतं.

"बुजवा आता," मी म्हटलं आणि माझी पिशवी उचलली.